दहावी तार

काका फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. ‘बोला, कुठे अडकलंय?’ असं विचारायचे. पलीकडे बँकेतली मुलगी असो नाहीतर स्वतःचा जावई. जावयाला पहिली काही वर्षं वाटत होतं की सासरे टोमणा मारतायत. टोमणा वगैरे काही नव्हता. काकांना येणारे बहुतेक फोन खरोखरच काहीतरी अडकल्याचे असत, आणि ते अडकलेलं असे कुणाच्या तरी पोटात.

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात त्यांच्या घराच्या तळमजल्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. पोट न फाडता, तोंडावाटे किंवा खालच्या वाटेने दुर्बीण घालून आतड्याची ऑपरेशनं करतात ना, त्या दुर्बिणीतून आत जाणारी अवजारं तिथे बनायची. दुर्बिणीच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते, बॉलपेनची रिफील जेमतेम जाईल एवढी. तिच्यातून दोन-अडीच मीटर लांब तार आत सोडायची, डॉक्टरने बाहेर मूठ दाबायची, आणि पार दुसऱ्या टोकाला भाताच्या शिताएवढ्या चिमट्याने तोंड उघडायचं. असे चिमटे, फासे, क्लिपा काकांनी स्वतःच्या डोक्याने काढल्या. शिक्षण म्हणाल तर आयटीआय. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मीटर आणि व्हॉल्व्ह, कारखान्याच्या भाषेत वाल, दुरुस्त केले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. मी चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. ते जाऊन आता तीन वर्षं झाली, तरी एखादं काम उरकून टाकावं असं मनात आलं की मी अजून मागे वळून बघते.

या उद्योगात ते शिरले ते एका प्रश्नामुळे. अलकापुरीतल्या एका हॉटेलात डॉक्टरांची परिषद होती आणि पडद्यावर चित्र दाखवणारं यंत्र बिघडलं म्हणून काकांना बोलावलं होतं. यंत्र सुरू झालं, पण काका हलले नाहीत. मागच्या खुर्चीत बसून राहिले. एक मोठे सर्जन परदेशी क्लिप दाखवत होते, ती रक्त वाहणारी जागा कशी चिमटीत धरते, आतड्याला पडलेलं भोक कसं मिटवते. भाषण संपल्यावर काका उभे राहिले आणि म्हणाले, “पकडता सगळ्यांना येतं. ही सोडते कशी?”

लोक हसले म्हणे. एक तरुण गुजराती डॉक्टर तेवढा हसला नाही. चहाच्या वेळी तो काकांना शोधत आला आणि पुढे आयुष्यभर त्यांना दिवसातून दोनदा फोन करत राहिला. मी पुढे ज्यांना डॉक्टरसाहेब म्हणते ते हेच.

काकांचा प्रश्न साधा होता. क्लिप आत जाते ती तारेच्या टोकाला अडकून. तिने जखमेच्या कडा घट्ट धरल्या की तार तिच्यापासून सुटून बाहेर यायला हवी आणि क्लिप एकटी आत राहायला हवी. जखम भरली की काही दिवसांनी ती आपोआप गळते आणि कुणाला कळायच्या आत शौचावाटे निघून जाते. या शेवटच्या भागाचा काकांना फार अभिमान होता. “एवढं काम करायचं आणि जाताना आभारसुद्धा मागायचे नाहीत. बेस आहे ने?” असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, समोरचा जेवत असला तरी.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार वर्कशॉपच्या भिंतीवर होती आणि तिच्यावर धुतलेल्या नळ्या वाळत घातलेल्या असत. समोरच्या भिंतीवर बागेला पाणी घालायचा हिरवा पाइप वेटोळी देऊन ठोकला होता. हे काकांचं आतडं. त्याच्या प्रत्येक वळणाला त्यांनी खडूने बडोद्यातल्या जागांची नावं दिली होती. जठर म्हणजे मांडवी, कारण सगळा माल तिथे येऊन थांबतो. शेवटचं अवघड वळण रावपुरा. डॉक्टरसाहेब फोनवर ‘काका, रावपुराथी आगळ नथी जती’ म्हणाले, म्हणजे तार रावपुऱ्याच्या पुढे जात नाही असं झालं, की पाइपपाशी जाऊन काका तीच तार त्याच वळणातून घालून बघत आणि इथून उपाय सांगत.

नव्या क्लिपची पकड ते सुरळीच्या वडीवर तपासत. बाहेर तिला खांडवी म्हणतात. काकांच्या घरी मात्र सुरळीची वडीच. आतड्याचं आतलं अस्तर तसंच असतं, ओलं, पातळ आणि निसरडं, असं त्यांचं म्हणणं. क्लिपने वडी धरायची आणि उचलायची. वडी फाटली तर दात जास्त तीक्ष्ण, निसटली तर बोथट. काकू दर शनिवारी ताटभर वड्या करून खाली पाठवायच्या आणि तासाभराने त्यांचा चिखल परत जायचा. एकदा मी काकूंना म्हणाले की आज वड्या फार सुंदर झाल्या होत्या. काकू म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्यांना हे सांगणारी मी पहिलीच. आजवर फक्त ‘आज जरा जाड झाली’ एवढाच अहवाल वर यायचा. डॉक्टरसाहेबांच्या हॉस्पिटलात बकऱ्याच्या जठरावरही तपासणी व्हायची, पण काकांचा खरा विश्वास काकूंच्या वडीवर.

मी तिथे आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. मकरपुऱ्यात एका वालच्या कारखान्यात तपासणी विभागात मी चार वर्षं काढली होती. काकांनी मुलाखतीत एकही प्रश्न विचारला नाही. उत्तरायण, म्हणजे तिकडची पतंगांची संक्रांत, नुकतंच झालं होतं. गच्चीवरून गोळा केलेल्या मांज्याचा एक भलामोठा गुंता त्यांनी माझ्यासमोर ठेवला, सोडव म्हणाले, आणि वर जेवायला गेले. जेवून त्यांनी झोपही काढली. खाली आले तेव्हा माझी दोन बोटं कापली होती, अर्धा मांजा सुटला होता आणि मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. टेबलावर कात्री होती, ती का घेतली नाहीस, एवढंच त्यांनी विचारलं. तुम्ही सोडवायला सांगितलं होतं, कापायला नाही, असं मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला सुरुवात केली. माझ्या वडिलांनीही मला इतक्या कौतुकाने कधी हाक मारली नव्हती.

काका सकाळी आठ ते नऊ आपल्या छोट्या केबिनचं दार आतून लावून बसत. त्या तासात फोन नाही, चहा नाही, दार वाजवलं तरी उघडायचं नाही. आत काय चालतं ते विचारायचंही नाही. काकू म्हणायच्या देव पूजतात. मला वाटायचं पेपर वाचतात.

मला तिथे लागून तीन आठवडे झाले होते. काका भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेले, आणि जाताना सांगून गेले की वीस क्लिपा तयार करून दोन हॉस्पिटलांना पोचवायच्या. केबिनमध्ये टेबलावर तारांचे दोन ट्रे होते. भिंगाखाली घेतलं तर एका ट्रेमधल्या प्रत्येक तारेवर, टोकाच्या आकड्याच्या थोडं अलीकडे, बारीकशी खाच पडलेली. दुसऱ्या ट्रेमधल्या तारा कशा गुळगुळीत, निर्दोष. चार वर्षं ज्या खाचेला मी लाल शिक्का मारत आले होते, तीच ही खाच. ड्रॉइंग काढून बघितलं, त्यात खाच कुठेच नव्हती. म्हटलं, म्हाताऱ्याचा हात घसरतोय आणि कुणी सांगत नाही. गुळगुळीत तारा मी कामाला घेतल्या, क्लिपा पाठवल्या आणि टेबलावर सहीनिशी चिठ्ठी ठेवली, ‘वीस तारा सदोष, बाजूला काढल्या आहेत.’ त्या रात्री मला फार छान झोप लागली.

काका परत आले त्या सकाळी चिठ्ठी वाचत उभे होते आणि मी शाबासकीची वाट बघत होते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी ‘बोला, कुठे अडकलंय?’ म्हटलं आणि पुढचं ऐकताना त्यांचा चेहरा असा उतरला की मी बसलेली उठून उभी राहिले. डॉक्टरसाहेबांनी एका बाईंच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती, तिथे भोक पडलं होतं, क्लिपने भोक नीट मिटवलं होतं. पण क्लिप सुटत नव्हती. तार तिला धरून बसली होती. तार ओढावी तर जखम फाटणार, आणि ती सुटल्याशिवाय दुर्बीण बाहेर येणार नाही. पोट उघडायला सर्जन हात धुऊन तयार होते.

स्कूटरवर त्यांच्या मागे बसून जाताना त्यांनी मला ती खाच कशासाठी असते ते सांगितलं. आवाज चढवला नाही. क्लिप बंद होऊन ताण एका ठरावीक मापापर्यंत गेला की तार त्या खाचेपाशी तुटायची, आणि क्लिप मोकळी व्हायची. सगळी किमया त्या खाचेत होती. खोल गेली तर क्लिप धरायच्या आधीच सुटेल, उथळ राहिली तर कधीच सुटणार नाही. दुसऱ्या ट्रेमधल्या तारा खाच घालायच्या बाकी होत्या. मी ज्या मजबूत म्हणून निवडल्या, त्यातलीच एक आत्ता त्या बाईंच्या पोटात होती आणि आपल्या मजबुतीने त्यांचा जीव धोक्यात घालत होती.

ऑपरेशनच्या खोलीत काकांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरसाहेबांना म्हणाले, “साहेब, शांतीने. ओढू नका.” मग खिशातून पक्कड काढून त्यांनी मूठच कापून टाकली. तारेवरची नळी हळूहळू बाहेर ओढून घेतली. आता त्यांच्या दोन बोटांत नुसती उघडी तार होती, आणि तिचं दुसरं टोक पार आत. काकांनी डोळे मिटले. तार जराशी पुढे दिली, मग चिमटीत फिरवली, अगदी पाव फेरा, थांबले, मागे आणली, पुन्हा पाव फेरा. सातव्या की आठव्या वेळी त्यांची बोटं सैल पडली आणि तार बाहेर आली. आकडा त्यांनी असा घडवला होता की नळी काढल्यावर पाव फेऱ्यात तो निसटेल. खाचेने दगा दिला तर म्हणून ठेवलेली ती मागची वाट होती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, कारण तिची कधी गरजच पडली नव्हती. क्लिप जागच्या जागी होती. भोक मिटलेलं होतं. त्या बाई चार दिवसांनी चालत घरी गेल्या.

मी भिंतीला टेकून उभी होते. आपण किती मोठ्या माणसाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आलो, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, झालं काय? चिठ्ठी काकांच्या शर्टाच्या खिशात होती. काका म्हणाले, “खाच घालायची राहिली. भूल माझी आहे.” मी तोंड उघडलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “चला बेन, स्कूटरपाशी थांबा.”

बेन. गुजरातीत हा मानाचा शब्द आहे, दुकानदारापासून कलेक्टरपर्यंत सगळे वापरतात. मला तो थपडेसारखा लागला.

उरलेल्या एकोणीस क्लिपा मी त्याच दुपारी रिक्षाने फिरून परत आणल्या. दोन दिवसांनी डॉक्टरसाहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणाले, “मने खबर छे. काका खाच भूले? कोई दिवस नहीं.” मग त्यांनी मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मला वाटलं काका मला काढून टाकतील. काढलं नाही. उलट हळूहळू सगळं शिकवलं. तारेला पीळ कसा द्यायचा, दात कसे लावायचे, डॉक्टर फोनवर घाईत बोलत असेल तर त्याला आधी श्वास कसा घ्यायला लावायचा. पाइपवरच्या रावपुऱ्याच्या वळणातून मी डोळे मिटून तार घालू लागले. पण आठ ते नऊ दार बंद, आणि कानस त्यांच्याच हातात. खाच ते एकटेच घालत. आणि मी बेनच राहिले. एक वर्ष, तीन वर्षं, आठ वर्षं.

एकदा मी धीर करून विचारलं की खाच तपासण्याची काही सोय का नाही करत, म्हणजे कुणीही घातली तरी चालेल. ते म्हणाले, “तपासायची म्हणजे तोडून बघायची. जी तपासली ती गेली. आत जाते ती कायम न तपासलेलीच असते, बेन. तिथे फक्त हात बघायचा.” माझा हात कसा, ते त्यांना माहीत होतं.

म्हणून मी खाच घालायला शिकू लागले, कुणी न सांगता. उरलेल्या तारा घ्यायच्या, घरून आणलेल्या कानशीने, भिंगाखाली. दर शनिवारी दहा तारा त्यांच्यासमोर ठेवायच्या. काका एकेक तार तलवारीच्या खुंटीला अडकवून खाली पितळी वजनं टांगत आणि कितीला तुटते ते वहीत लिहीत. दहाच्या दहा तोडत. चांगली नाही, वाईट नाही, काही बोलत नसत. तुकडे गोळा करून मी घरी जायचे आणि आईला म्हणायचे की सोडून देते आता हे. सोमवारी परत यायचे. अशी दोन वर्षं गेली. तोवर काकांच्या हाताला कंप सुटला होता. सकाळचा एक तास आता पुरायचा नाही. दार दहापर्यंत बंद राहायचं आणि ट्रेमध्ये चार-पाचच तारा पडायच्या. तरी कानस त्यांनी कुणाला दिली नाही.

एका शनिवारी तुकडे गोळा करताना मला नऊच तारा मोजता आल्या. पुन्हा मोजल्या. नऊ. पडली असेल म्हणून मी टेबलाखाली वाकले, लोहचुंबक फिरवलं, कपाट सरकवलं. काका वड्या चिवडत बसले होते. “मिळाली का, बेन?” त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. “मिळेल ने, जाते कुठे,” म्हणाले. त्या दिवशी फरशीवरची धूळ खाऊन मी घरी गेले आणि ती दहावी तार विसरूनही गेले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी काका वर्कशॉपमध्ये चक्कर येऊन पडले. गुडघ्यांसाठी ते कुणाला न विचारता वेदनाशामक गोळ्या खात होते, त्याने जठरात जखम होऊन रक्त वाहत होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी स्वतःच निदान सांगितलं, “मांडवीत गडबड आहे.” हॉस्पिटलात डॉक्टरसाहेबांनी दुर्बीण तयार ठेवली. ते घाबरले होते. हात धुताना त्यांनी तीनदा तोच नळ बंद केला. परदेशी क्लिप वापरू म्हणाले. काकांनी नाही म्हणून मान हलवली आणि मला जवळ बोलावलं. केबिनच्या कपाटात वरच्या खणात डाव्या कोपऱ्यात एक पाकीट आहे, ते घेऊन ये.

आमच्या प्रत्येक निर्जंतुक पाकिटाच्या कोपऱ्यात, खाच कुणी घातली त्याचं आद्याक्षर निळ्या शाईने लिहिलेलं असे. इतक्या वर्षांत तिथे काकांच्या अक्षराशिवाय दुसरं अक्षर मी पाहिलं नव्हतं. कपाटातून काढलेल्या त्या पाकिटावर माझं होतं. खाली त्या शनिवारची तारीख होती. अक्षर कापऱ्या हाताने काढलेलं, पण दोनदा गिरवलेलं.

परत हॉस्पिटलात पोचेपर्यंत रिक्षात मी रडले ते आनंदाने नाही. मला भीती वाटत होती. नऊ तारा बरोबर तुटल्या होत्या म्हणून दहावी तुटेल असं कुठे लिहिलं होतं? खाच उथळ असेल तर? आज डोळे मिटून पाव फेरा द्यायला काका नव्हते. ते टेबलावर होते.

डॉक्टरसाहेबांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की तुम्ही परदेशीच वापरा, माझी वापरू नका. काकांना गुंगीचं औषध द्यायला सुरुवात झाली होती. त्यांनी डोळे अर्धवट उघडले.

“इन्स्पेक्टर,” ते म्हणाले, “आवाज ऐक.”

मी मुठीपाशी कान नेऊन उभी राहिले. पडद्यावर जठराची लाल भिंत, तिच्यातून उडणारी रक्ताची बारीक धार, आणि दोन्ही बाजूंनी पुढे येणारे चिमुकले दात. दातांनी जखम धरली. धार थांबली. डॉक्टरसाहेबांनी मूठ आणखी दाबली, आणखी दाबली, त्यांचं बोट पांढरं पडलं, आणि तारेतून मुठीपर्यंत ‘टक्’ असं आलं. नख मोडल्याएवढा आवाज. तार मोकळी होऊन मागे आली. “छूटी गई,” डॉक्टरसाहेब म्हणाले आणि स्टुलावर खाली बसले.

संध्याकाळी काका शुद्धीवर आले. काकू उशाशी होत्या. काकांनी आधी मला विचारलं, आवाज आला का. आला म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग काकूंना म्हणाले की केबिनची किल्ली तिला दे.

दुसऱ्या दिवशी मी आठला पाच मिनिटं असताना पोचले. टेबलावर त्यांची कानस होती, शेजारी भिंग, आणि ट्रेमध्ये गुळगुळीत तारा. मी बसले. बाहेर कुणीतरी मला हाक मारत होतं, फोन आहे म्हणून. मी उठून दार आतून लावून घेतलं.